वळणावरचा कल

मेजावर रूळ मांडून छोट्या आगगाड्या फिरविण्याच्या छंदाकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची रीत आहे. परंतु ह्या छंदाच्या एका लहानशा अंगांत, म्हणजे वळणावर बाहेरचा रूळ किंचित् उचलून घेण्याच्या पद्धतींत, रेल्वेच्या इतिहासाचें एक गंभीर प्रकरण सांठविलेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

गाडी वळूं लागली तरी तिची ओढ सरळ जाण्याकडेच असते; तिला आवर घालण्यासाठीं बाहेरचा रूळ उंच करावा लागतो. पण सरळ मार्ग एकदम वर्तुळखंडास जोडला, तर ही उंची कोठें सुरू करावी? ह्या प्रश्नावर विल्यम फ्रूड ह्या इंग्रज इंजिनियरानें १८४२ च्या सुमारास वर्तुळांत हळूहळू शिरणारी वक्ररेषा सुचविली. रँकिनच्या १८६२ सालच्या ग्रंथांत तिची नोंद आहे.

तथापि कल हा ठराविक वेगापुरताच आधार देतो. १ जुलै १९०६ रोजीं प्लिमथ बंदरांत उतरलेल्या प्रवाशांस लंडनकडे नेणारी गाडी सॉल्सबरी येथें, ताशीं ३० मैलांची मर्यादा असलेल्या वळणावर, दुपटीहून अधिक वेगानें शिरली आणि उलटली. २८ माणसें प्राणांस मुकलीं. पुढच्याच वर्षीं ऑक्टोबरांत श्रूझबरीच्या वळणावर तसाच प्रकार होऊन १८ जण दगावले.

इकडे जर्मनींतील मेर्कलिन कारखान्यानें १८९१ मध्यें लाइप्झिगच्या जत्रेंत ठराविक मापांच्या किल्लीच्या गाड्या मांडल्या होत्या. त्या काळच्या पत्र्याच्या रुळांचीं वळणें सपाट असत. पुढें हुबेहूबपणाची आवड वाढली तेव्हां हौशी लोक बाहेरच्या बाजूस स्लीपरांखालीं पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारून वळणास कल देऊं लागले. मोठ्या रेल्वेवर तो सुमारें १५० मिलिमीटरांपर्यंत असतो. एकास सत्त्याऐंशी ह्या प्रमाणांत तो पावणेदोन मिलिमीटर भरतो. तोहि एकदम न देतां, फ्रूडनें दाखविल्याप्रमाणें, क्रमाक्रमानें चढवावा लागतो.

येथें एक चमत्कार आहे. केंद्रोत्सारी बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणांत घटतें. वेग व त्रिज्या दोन्ही सत्त्याऐंशीपट घटविलीं, म्हणजे वजनाच्या मानानें तें बल सत्त्याऐंशी अंशांपैकीं एकच अंश उरतें. अर्थात् नमुन्यास कलाची गरज नाहीं! उलट कल फाजील दिला, तर लांब गाडीच्या ओढीनें मधले हलके डबे आंतल्या बाजूस कोसळतात.

मग हा खटाटोप कशाला? कारण नाहींसें झाल्यावर उरलेला आचार बहुधा पोकळ असतो, हें खरें. पण पट्टी कां सारली असें एखाद्या मुलानें विचारलें, तर बापाला त्यास सॉल्सबरीची हकीकत सांगावी लागेल. कारण सांगतां आलें, तर अनुकरण हेंच अध्ययन होतें. न आलें, तर ती नुसती पुठ्ठ्याची पट्टी होय.