महासाथ आणि मुले : २००९ चा धडा

साथीच्या रोगांच्या इतिहासात मृतांची एकूण संख्या आवर्जून नोंदविली जाते. त्या संख्येत मुले किती होती आणि ती कोणती, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. इ. स. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या महासाथीत तो टाळता आला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी ही महासाथ जाहीर केली. ३ ऑगस्ट रोजी पुण्यातील एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचे निधन झाले. भारतातील तो या साथीचा पहिला बळी होता. शाळा बंद झाल्या, रस्तोरस्ती तोंडाला रुमाल बांधलेली माणसे दिसू लागली आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या.

अशा साथीत कोणती मुले दगावतात, याचा बारकाईने शोध त्याच काळात इंग्लंडमध्ये घेण्यात आला. तेथील तत्कालीन मुख्य वैद्यकीय अधिकारी सर लियाम डोनाल्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जून २००९ ते मार्च २०१० या काळातील ७० बालमृत्यूंचा अभ्यास केला. दर १० लाख मुलांमागे हे प्रमाण ६ होते. एक वर्षाखालील अर्भकांत ते सर्वाधिक होते. ४५ मुलांना आधीपासून गंभीर व्याधी होती. त्यांतही मेंदू व मज्जासंस्थेचे जुने विकार असलेल्यांना धोका सर्वांत मोठा होता. अशा अनेक मुलांचे श्वसनाचे स्नायू दुर्बल असतात व खोकून कफ बाहेर टाकणे त्यांना कठीण जाते. पाकिस्तानी व बांगलादेशी वंशाच्या मुलांतील मृत्युदरही गोऱ्या ब्रिटिश मुलांहून कितीतरी अधिक आढळला.

तथापि, १५ मुले पूर्वी पूर्णपणे निरोगी होती. १९ मुले रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच दगावली आणि त्यांत निरोगी अथवा किरकोळ व्याधी असलेल्यांचे प्रमाण अधिक होते. ४५ मुलांना ऑसेल्टामिविर हे औषध मिळाले. परंतु लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते मिळालेली मुले केवळ ७ होती.

या आकड्यांचा बोध दुहेरी आहे. तान्ह्या व व्याधिग्रस्त मुलांना सर्वांआधी जपले पाहिजे, आणि मूल धडधाकट आहे म्हणून वाट पाहत बसता कामा नये. धाप लागणे, ओठ निळसर पडणे, दूध-पाणी न घेणे, मूल सुस्त होणे यांपैकी एकही लक्षण दिसताच त्याला विनाविलंब रुग्णालयात नेणे, हेच २००९ ने शिकविले.