शंभरपैकी पंच्याऐंशी

आमच्या वन्संना पक्षाघात झाला त्याला आता दोन वर्षं होतील. इस्पितळातून घरी सोडायच्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने एक कागद भरला आणि कौतुकाने म्हणाली, "आजींना शंभरपैकी पंच्याऐंशी!" मी जन्मभर मार्कच दिले, त्यामुळे मला बरं वाटलं. वन्सं मात्र म्हणाल्या, "मला समोरच्या देवळात एकटीने जाता येईल का, तेवढं सांग." त्याला कागदावर रकाना नव्हता.

मग मी त्या कागदाचं मूळ शोधत बसले. (निवृत्त माणसाला दुसरं काय काम!) त्याचं नाव बार्थेल निर्देशांक. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात फ्लोरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट, या दोघींनी तो १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. जेवण, अंघोळ, कपडे घालणं, चालणं, जिने चढणं अशा १० गोष्टी आणि एकूण १०० गुण. गंमत म्हणजे त्या दोघींनीच तेव्हा बजावून ठेवलं होतं की, शंभर मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असं नाही. त्याला स्वयंपाक जमेलच, चार लोकांत वावरता येईलच असं नाही. कागद जगभर गेला, ही सूचना मात्र मागे राहिली.

त्याच्याही आधी बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक हट्टी सर्जन होऊन गेले. रोगी घरी गेला की डॉक्टरचं काम संपत नाही, वर्षभराने तो कसा आहे हे पाहायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या छोट्या इस्पितळातून घरी गेलेल्या ३३७ रोग्यांचा हिशेब त्यांनी छापला, त्यात १२३ चुका स्वतःहून नोंदवल्या! अर्थात सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. पण त्यांच्याही कार्डावर निकाल लिहिणार डॉक्टरच. रोग्याला काय हवं होतं, हा प्रश्न नव्हताच.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला ब्रिटनमध्ये. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात म्हाताऱ्या माणसांना विचारलं, आणि उत्तरं तीन प्रकारची निघाली. एक, आयुष्यात काय टिकून राहावं (सोबत, स्वच्छता, सुरक्षितता). दोन, काय सुधारावं. आणि तीन, मदत करणाऱ्याने कसं वागवावं. हे तिसरं वाचून मी थांबलेच. अंघोळ घातली की नाही हे मोजता येतं, पण घालताना तो माणूस आपल्याशी बोलला की नाही, हे कोण लिहिणार?

स्कॉटलंडने हे उचललं. तिथे इस्पितळं १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवेकडे आणि घरी मदतनीस पाठवणं स्थानिक काउन्सिलकडे. म्हणजे एका आजीबाईंसाठी दोन खाती, दोन फायली. २००६ पासून तिथे 'टॉकिंग पॉइंट्स' नावाची पद्धत घडत गेली: आधी फॉर्म नाही, गप्पा. तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते सांगा, मग ठरवू. आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारू की तिथवर पोचलात का. २०१४ मध्ये दोन्ही सेवा एकत्र आणणारा कायदा झाला, एप्रिल २०१६ पर्यंत ३१ संयुक्त प्राधिकरणं उभी राहिली. पण सरकारला आकडे लागतात. राष्ट्रीय पातळीवर ९ उद्दिष्टं ठरली आणि ती बरीचशी सर्वेक्षणातल्या टक्केवारीवरून तपासली जाऊ लागली. माझ्या मते इथे गप्पा पुन्हा मार्कांत गेल्या. मला नावं ठेवायचा अधिकार नाही म्हणा. मीही पन्नास मुलांच्या वर्गाचा निकाल टक्क्यांतच लावत होते.

असो. परवा वन्सं काठी घेऊन देवळात जाऊन आल्या. वॉचमनने रस्ता ओलांडून दिला, पायरीशी चपलाही त्यानेच काढल्या आणि परत आणून सोडलं. घरात येऊन म्हणाल्या, "एकटी गेले गं."

मी "हो" म्हटलं.