राणाशाही आणि इंग्रज सत्ता : एका सौद्याचे स्वरूप

नेपाळातील राणाशाही (१८४६–१९५१) ही इंग्रजांनी घडविलेली सत्ता होती, असा एक समज रूढ आहे. घटनाक्रम तपासता तो टिकत नाही. सुगौलीच्या तहान्वये (१८१५-१६) काली नदीच्या पश्चिमेचा व मेची नदीच्या पूर्वेचा मुलूख नेपाळने गमावला आणि काठमांडूस इंग्रज रेसिडेंट आला. तथापि लखनौ, हैदराबाद वा पुणे येथे रेसिडेंटाच्या पाठीशी जी तैनाती फौज उभी असे, ती काठमांडूत कधीच नव्हती. हॉजसनने १८४०च्या सुमारास दरबारातील पक्षोपपक्षांत हात घातला खरा; पण ते त्याच्या चातुर्याचे फळ होते, अधिकाराचे नव्हे.

१४ सप्टेंबर १८४६च्या रात्री कोत येथे जे हत्याकांड झाले, ते सर्वस्वी दरबारी कलहातून उद्भवले. राणी राज्यलक्ष्मीचा विश्वासू गगनसिंह याच्या खुनाचे निमित्त होऊन अनेक मातबर सरदार मारले गेले आणि जंगबहादुर कुंवर मुख्तियार झाला. पुढल्याच वर्षी राजेंद्र पदच्युत होऊन सुरेंद्र गादीवर आला. १८५६च्या सनदेने जंगबहादुरास कास्की व लमजुंगचे महाराजपद मिळाले. राजा नामधारी उरला. आपल्याकडील छत्रपती व पेशवे यांच्या संबंधांचे स्मरण येथे साहजिकच होते. मात्र पेशव्यांनी महाराजपद स्वतःकडे घेतले नव्हते, हा भेद लहान नाही.

इंग्रजांशी मैत्री ही यानंतरची गोष्ट. १८५०मध्ये जंगबहादुर इंग्लंडला जाऊन आला. या सत्तेशी झुंजणे व्यर्थ, पण तिला साह्य करून त्याचे मोल घेता येते, असा बोध त्याने घेतला असावा, हे त्याच्या पुढील वर्तनावरून दिसते. १८५७च्या अखेरीस तो स्वतः सुमारे आठ-नऊ हजार सैन्यानिशी खाली उतरला; मार्च १८५८मध्ये लखनौच्या वेढ्यात गोरखा फौज होती. मोबदल्यात १८६०च्या तहाने पश्चिम तराई नेपाळला परत मिळाली. तिलाच ‘नया मुलुक’ हे नाव पडले. गंमत अशी की, ज्या लखनौवर तो चालून गेला, तेथील बेगम हजरत महल हिला त्यानेच आश्रय दिला. ती १८७९मध्ये काठमांडूतच वारली. नानासाहेब पेशवेही तराईच्या रानात शिरले होते. या वर्तनास केवळ दुटप्पीपणा म्हणणे उथळपणाचे होईल. इंग्रजांच्या इच्छेला आपल्या सरहद्दीच्या आत कोठवर मान द्यावयाचा, हे तो स्वतः ठरवीत होता.

सौद्याचे खरे नाणे मात्र भूमी नव्हे, माणूस होते. जंगबहादुर व त्याच्यामागून आलेला रणोद्दीपसिंह या दोघांनीही गोरखा भरतीस शक्य तितकी आडकाठी केली. १८८५मध्ये रणोद्दीपसिंहाचा खून करून वीर शमशेर सत्तेवर आला. त्याचे प्रतिस्पर्धी हिंदुस्थानात आश्रयास होते आणि त्याला इंग्रजांची मान्यता हवी होती. भरतीचे दार उघडले ते यानंतरच. म्हणजे राणा घराण्यातील भाऊबंदकीची किंमत डोंगरातील मगर, गुरुंग, राई, लिंबू तरुणांनी मोजली. पहिल्या महायुद्धात लाखाहून अधिक नेपाळी पुरुष इंग्रजांच्या सेवेत गेले. चंद्र शमशेरच्या सरकारास त्याबद्दल सालीना दहा लाख रुपये मिळू लागले, आणि २१ डिसेंबर १९२३च्या तहाने नेपाळचे स्वातंत्र्य निःसंदिग्ध शब्दांत मान्य झाले. त्याच तहात हिंदुस्थानमार्गे शस्त्रे आणण्याची मुभा होती, पण नेपाळचा हेतू मैत्रीचा आहे अशी इंग्रज सरकारची खात्री असेतोवरच.

१९४७मध्ये सौद्यातील एक पक्षच उपखंडातून निघून गेला. ९ नोव्हेंबरच्या त्रिपक्षीय कराराने दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे व चार ब्रिटनकडे गेल्या. ३१ जुलै १९५०च्या तहाने मोहन शमशेरने दिल्लीशी जुनाच संबंध नव्याने जोडू पाहिला. पण ६ नोव्हेंबर १९५० रोजी राजा त्रिभुवन भारतीय दूतावासात गेला. राणांनी गादीवर बसविलेल्या बालराजा ज्ञानेंद्रास दिल्लीने मान्यता दिली नाही. १८ फेब्रुवारी १९५१च्या घोषणेने राणांचा वंशपरंपरागत अधिकार संपला. मोहन शमशेर मात्र आणखी काही महिने पंतप्रधानपदी राहिला.