सोलापूरचे वसतिगृह : बहिष्कृत हितकारिणी सभेचे विद्यार्थीकार्य

आंबेडकरी चळवळीचा इतिहास सांगताना महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार आणि नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे आपण क्रमाने सांगतो. ते योग्यच आहे. परंतु महाडच्या परिषदेपूर्वी दोन वर्षे, ४ जानेवारी १९२५ रोजी, सोलापूर येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले, या घटनेला आपल्या सभांतून आणि स्मरणिकांतून फारशी जागा मिळत नाही. मोर्चा, परिषद आणि सत्याग्रह यांच्या तुलनेत वसतिगृह ही बाब किरकोळ वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू ही समजूत तपासून पाहण्याचा आहे. हे वसतिगृह चालविणाऱ्या बहिष्कृत हितकारिणी सभेने मुलांसाठी व तरुणांसाठी जे कार्य केले, त्यात पुढील चळवळीचे बीज होते काय, आणि ते बीज आज आपण कोणत्या अवस्थेत ठेवले आहे, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

प्रथम काळाची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाचा आरंभ सभेपासून झाला असे नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात अस्पृश्यांसाठी शाळा चालविल्या. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी १९२२ साली चोखामेळा कन्याशाळा काढली, आणि ज्या समाजातील मुलींचा शाळेशी संबंध येत नव्हता त्या समाजातील एका स्त्रीनेच मुलींसाठी शाळा चालवून दाखविली. या सर्वांचे ऋण मान्य केल्याशिवाय पुढचा विचार करणे कृतघ्नपणाचे होईल.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. कागदावर शाळेचे दार उघडले. परंतु प्राथमिक शाळा गावात असली तरी हायस्कूल शहरात असे. चौथी-पाचवी उत्तीर्ण झालेला महारवाड्यातील मुलगा शहरात आला, तर त्याला खोली भाड्याने कोण देणार? कोणती खानावळ त्याला पंक्तीला बसविणार? रात्री अभ्यासासाठी दिवा कोठे मिळणार? ठरावाने शाळेचे दार उघडले होते. शाळा सुटल्यावर मुलाने कोठे जावे, याचे उत्तर त्या ठरावात नव्हते. अस्पृश्य विद्यार्थ्याचे शिक्षण खुंटण्याचे एक मोठे कारण या निवाऱ्याच्या प्रश्नात होते, आणि ते प्रत्यक्ष अनुभवलेल्या माणसालाच नेमके दिसू शकत होते.

बाबासाहेबांना तो अनुभव होता. १९०७ साली ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले. त्यांच्या गौरवाच्या सभेला उपस्थित असलेले कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच शब्दावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एका मुलाला योग्य वेळी मिळालेले एक पुस्तक आणि महिन्याला २५ रुपये यांतून काय घडू शकते, हे आज जगाला ठाऊक आहे. पण असे केळुसकर प्रत्येक मुलाला भेटत नाहीत. कोणा उदार गृहस्थाच्या दृष्टीस पडण्यावर एका संपूर्ण समाजाच्या मुलांचे भवितव्य अवलंबून ठेवता येत नाही. योगायोगाने एकाला मिळाले ते अनेकांना हक्काने मिळावे, यासाठी संस्था लागते.

९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी बोलाविलेल्या बैठकीत अशा संस्थेचा विचार झाला आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड हे तिचे अध्यक्ष होते. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद स्वतः बाबासाहेबांकडे होते आणि सीताराम नामदेव शिवतरकर हे चिटणीस होते. सभेच्या उद्दिष्टांचा क्रम लक्षणीय आहे. वसतिगृहांच्या अथवा अन्य साधनांच्या द्वारे बहिष्कृत वर्गात शिक्षणाचा प्रसार करणे हे पहिले उद्दिष्ट. वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग यांच्याद्वारे संस्कृतीचा प्रसार करणे हे दुसरे. औद्योगिक व शेतकी शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारणे हे तिसरे, आणि गाऱ्हाणी वेशीवर टांगणे हे त्यानंतरचे. उद्दिष्टपत्रात वसतिगृहाचा उल्लेख सर्वांत आधी येतो, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. स्थापनेनंतर सहा महिन्यांच्या आत सोलापूरचे वसतिगृह सुरू झाले, यावरून ते शब्द केवळ कागदासाठी लिहिलेले नव्हते हे सिद्ध होते.

या वसतिगृहात हायस्कुलातील विद्यार्थ्यांची राहण्याची, जेवणाची, कपड्यांची व लेखनसाहित्याची सोय सभेने केली. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. वर उल्लेखिलेली शिष्यवृत्ती एका विद्यार्थ्यास २५ रुपयांची होती आणि येथे संपूर्ण वसतिगृहास नगरपालिकेकडून मिळणारे साहाय्य ४० रुपयांचे होते, हे दोन आकडे शेजारी ठेवले की सभेपुढील अडचणीची कल्पना येते. उरलेला भार सभेला स्वतः उचलावा लागत होता. तरीही हे विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. ज्यांच्या आईबापांना अक्षरओळख नव्हती अशा घरांतून आलेली मुले लेखन करून ते आपल्या सोबत्यांना वाचावयास देत होती, ही गोष्ट लहान नव्हे. मुंबईत सभेने विनामूल्य वाचनालय काढले आणि गिरणगावातील तरुणांनी जुगार व दारू यांच्या नादी लागू नये म्हणून महार हॉकी क्लब चालविला. उपदेशाने व्यसन सुटत नाही. संध्याकाळच्या मोकळ्या वेळेला काही तरी चांगले काम द्यावे लागते, ही जाण या क्लबामागे दिसते.

येथे या संस्थेचे आणखी एक वैशिष्ट्य नोंदविणे आवश्यक आहे. तिच्या पदाधिकाऱ्यांत स्पृश्य समाजातील व अन्यधर्मीय मान्यवर होते आणि त्यांचे साहाय्य सभेने मोकळेपणाने घेतले. परंतु प्रत्यक्ष व्यवस्था पाहणाऱ्या मंडळात अस्पृश्य समाजातील माणसे असलीच पाहिजेत, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. ज्याचे दुःख त्यालाच त्याच्या निवारणाची रीत ठरविता आली पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होते. दयेने दिलेली मदत घेणाऱ्याला लहान करते. आपल्याच माणसांनी चालविलेल्या घरात राहणारा मुलगा मात्र स्वतःला कोणाचा आश्रित समजत नाही. सोलापूरचे महत्त्व भाकरीइतकेच या स्वाभिमानातही आहे.

जून १९२८ मध्ये सभा विसर्जित झाली आणि तिचे शैक्षणिक कार्य भारतीय बहिष्कृत समाज शिक्षण प्रसारक मंडळीकडे आले. पुढे ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, महाविद्यालय सुरू झाले. या दुसऱ्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला ‘नागसेनवन’. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहून शिकली. दलित साहित्याच्या चळवळीत नागसेनवनाचा वाटा किती मोठा आहे, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

पालीच्या अभ्यासकाला या नामकरणात एक विशेष अर्थ दिसतो. ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ राजा आणि भिक्षू यांच्या वादसंवादासाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या मेण्डकपञ्ह या भागाच्या आरंभी आचार्याच्या पंचवीस गुणांची एक यादी येते, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. शिष्याचे सतत रक्षण करावे. त्याच्या निजण्याची सोय कशी आहे ते जाणावे. तो आजारी आहे काय ते पाहावे. त्याला अन्न मिळाले की नाही याची माहिती ठेवावी. आपल्या पात्रात आलेले त्याच्याशी वाटून घ्यावे. त्याला धीर द्यावा. तो कोणाच्या संगतीत वावरतो याकडे लक्ष असू द्यावे, असा त्यातील काही गुणांचा आशय आहे. विद्यादानाच्या गोष्टीही यादीत आहेत. परंतु अंथरूण, आजार आणि अन्न यांना तेथे गौण स्थान नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकाने भिंतीवर लावावी अशी ही यादी आहे.

विनयपिटकातील महावग्गातही हाच विचार आढळतो. उपाध्यायाजवळ राहणाऱ्या शिष्याला ‘सद्धिविहारिक’ म्हणतात. सोबत राहणारा असा त्याचा अर्थ. आचार्याजवळच्या शिष्याला ‘अन्तेवासिक’ म्हणतात. जवळ वास करणारा. दोन्ही शब्दांत शिकण्याचा निर्देश नाही, राहण्याचा आहे. उपाध्यायाने शिष्याला पुत्राप्रमाणे मानावे, शिष्याने उपाध्यायाला पित्याप्रमाणे मानावे, आणि शिष्य आजारी पडल्यास उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावी, असा तेथे दंडक आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थांच्या शिक्षकांसाठीही शिष्याचे सर्व दिशांनी संरक्षण करणे हे कर्तव्य सांगितले आहे. आणि राजगृहाच्या उकिरड्यावर टाकलेले अर्भक राजपुत्र अभयाने वाढविले म्हणूनच जीवक पुढे तक्षशिलेस जाऊन वैद्य होऊ शकला, ही कथा महावग्गातीलच आहे.

१९२५ साली बाबासाहेबांनी विनयपिटकावरून वसतिगृहाची कल्पना घेतली, असे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. त्या वेळी त्यांच्यापुढे समाजाची निकड होती. परंतु त्या निकडीतून निघालेला मार्ग आणि बौद्ध परंपरेतील शिक्षणाची कल्पना यांची दिशा एकच होती, हे पुढे ‘मिलिंद’ या नावाने उघड झाले. सहवासातून माणूस घडतो, ही दोहोंतील समान श्रद्धा होय.

धम्मदीक्षेनंतर या कार्याला नव्या अडचणी आल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्यापुरत्या सवलती मिळाल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० च्या कायदेदुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. धम्म स्वीकारल्याची किंमत त्या काळातील विद्यार्थ्यांनी मोजली, हे विसरता येत नाही. याच काळात समाजातून आणि धम्मबांधवांच्या साहाय्याने काही संस्था उभ्या राहिल्या. पुण्यात १९७९ साली त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे कार्य सुरू झाले आणि त्याच्याशी संलग्न ‘बहुजन हिताय’ संस्थेने बालवाड्या, अभ्यासवर्ग व मुलामुलींची वसतिगृहे चालविली. त्यासाठी इंग्लंडमध्ये १९८० साली निघालेल्या करुणा ट्रस्टच्या तरुण कार्यकर्त्यांनी तेथील घरोघर फिरून निधी गोळा केला. परदेशातील अनोळखी घरांतून आपल्या मुलांसाठी दान येऊ शकते, तर आपल्या वस्तीतील नोकरदार घरांतून ते किती आले पाहिजे, हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो.

आज शासनाची वसतिगृहे आहेत. त्यांत प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तीनुसार राहण्याजेवणाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा केली जाते. ही रक्कम त्याचा हक्क आहे आणि ती वेळेवर मिळालीच पाहिजे. तथापि रकमेने खोली मिळते, सोबत मिळत नाही. गावाकडून पहिल्यांदा शहरात आलेली मुलगी आजारी पडली, तर ते कोणाला कळते? नापास होऊन निराश झालेल्या मुलाला धीर कोण देतो? मिलिंदपञ्हातील यादीतले हे प्रश्न बँकेच्या खात्याला विचारता येत नाहीत. ते समाजालाच विचारावे लागतात.

आपल्या वस्त्यांत विहारे पुष्कळ झाली आहेत. अनेक विहारे रविवारची वंदना आणि जयंतीचा कार्यक्रम यांपलीकडे कुलूपबंद असतात. पाली साहित्यात ‘विहार’ या शब्दाचा मूळ अर्थ राहण्याचे ठिकाण असा आहे, याची आठवण विहार समित्यांना करून देणे अप्रस्तुत होणार नाही. प्रत्येक विहारात वसतिगृह काढता येईल असे नाही. परंतु संध्याकाळी सहा ते दहा दिवा लावता येतो, चार बाके ठेवता येतात, वस्तीत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवता येते, आणि त्यांच्यापैकी कोण जेवले व कोण आजारी आहे हे पाहण्यासाठी दोन उपासक व दोन उपासिका नेमता येतात. जयंतीच्या वर्गणीतील ठराविक हिस्सा यासाठी राखून ठेवावा, असा ठराव करण्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

बहिष्कृत हितकारिणी सभा अवघी चार वर्षे टिकली. साधने तोकडी होती, समाज गरीब होता, आणि तरीही तिने उच्चारलेले पहिले उद्दिष्ट सहा महिन्यांत प्रत्यक्षात आणले. आपल्याजवळ आज तिच्यापेक्षा अधिक पैसा, अधिक पदवीधर आणि अधिक इमारती आहेत. पुढील वर्षावासाच्या आरंभी विहार समितीच्या बैठकीत, वस्तीत किती मुले-मुली शिकण्यासाठी एकटी राहतात, एवढा एकच विषय प्रथम घ्यावा. त्या आकड्यावरून पुढचे काम आपोआप ठरेल.