मोकळ्या रोहिणीचा इतिहास

माझ्या मावशीच्या फायलीत अँजिओग्राफीचा एक अहवाल आहे. छातीत कळ आलेली, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे रक्ततपासणीत दिसलेले. तरी अहवालाची शेवटची ओळ आहे, 'रोहिण्या मोकळ्या.' 'टेन्शन घेऊ नका' एवढे सांगून तिला घरी पाठवले. औषध काही दिले नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या झटक्यात ती गेली. 'मोकळ्या' हे काय पाहून ठरवले, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

त्यासाठी १९५८ पर्यंत मागे जावे लागते. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्याकडून रंगद्रव्य चुकून हृदयाच्या रोहिणीत गेले आणि त्यातून आजची कोरोनरी अँजिओग्राफी निघाली. हिच्यात दिसते ती रोहिणीची पोकळी. भिंत दिसत नाही. १९८७ मध्ये सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १३६ मृतांची हृदये तपासून दाखवले, की भिंतीत चरबीचा थर साठू लागला की रोहिणी बाहेरच्या अंगाने फुगते. थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी फारशी अरुंद होत नाही. आजार वाढतो आणि चित्र मात्र स्वच्छ राहते.

हे पुरुषांतही घडते. पण झटका येऊनही अँजिओग्राफीत मोठा अडथळा न सापडणे बायकांमध्ये अधिक दिसते. १९९६ मध्ये अँड्र्यू फार्ब आणि भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या रेणू विरमाणी यांच्या गटाने, रोहिणीत गुठळी होऊन अचानक मृत्यू आलेल्या ५० जणांचा अभ्यास मांडला. २८ जणांत थराचे कवच फुटले होते. त्यांत बायका ५. उरलेल्या २२ जणांत कवच शाबूत होते, नुसते वरचे अस्तर झिजून गुठळी झाली होती. त्यांत बायका ११.

हा पुरावा मृतांचा होता. जिवंत माणसाच्या भिंतीत डोकावता आले ते बारीक नळीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीमुळे. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्मनी रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी, झटका आलेल्या पण अँजिओग्राफीत मोठा अडथळा नसलेल्या ४२ बायकांच्या रोहिण्या अशा आतून पाहिल्या. १६ जणींचा थर फुटलेला किंवा त्यावर व्रण पडलेला आढळला. पुढे सोनोग्राफीहून कितीतरी सूक्ष्म दाखवणारी, प्रकाशावर चालणारी ओसीटी आली. २०२१ मध्ये याच प्रकारच्या १४५ बायकांपैकी ६७ जणींमध्ये झटक्याचे निश्चित वा संभाव्य मूळ रोहिणीतच मिळाले.

मावशीच्या भिंतीत काय होते, ते आता कळणार नाही. 'मोठा अडथळा दिसला नाही' असे अहवालात लिहिले असते, तर ते खरे होते. 'मोकळ्या' म्हटल्यावर मात्र पुढचा शोधच थांबला.