लाला, ट्यूलिप कीं कळलावी ?

केळशी येथील एका स्नेह्यांच्या संग्रहांतील पोथीच्या एका सुट्या पानाविषयीं आम्हीं पूर्वीं दिलेलें मत येथें मागें घेत आहोंत. त्या पानाच्या समासांत तांबडें, सहा पाकळ्यांचें एक फूल रंगविलेलें आहे. तें ट्यूलिप होय, आणि वलंदेजांची वखार वेंगुर्ल्यास इ. स. १६३७ त पडली असल्यामुळें पान त्यानंतरचें होय, असें आम्हीं सांगितलें होतें. स्नेह्यांनीं तें वेष्टनावर लिहून ठेविलें, व तेथून तें दुसऱ्या एका यादींतही उतरलें. अनुमान दोन ठिकाणीं चुकलें.

पहिली चूक फुलाच्या मार्गाविषयींची. ट्यूलिप मूळचें हॉलंडचें नव्हे. मध्य आशियाच्या डोंगरांतील हें रानफूल तुर्कांच्या बागांतून सोळाव्या शतकांत यूरोपांत गेलें. लायडन येथें क्लूसियस या वनस्पतिज्ञानें त्याचे कंद लावले ते १५९३ च्या सुमारास. पुढें पट्टेदार फुलांच्या कंदांचा सट्टा माजला, व १६३७ च्या फेब्रुवारींत भाव एकाएकीं कोसळले. ज्या ज्वालासदृश पट्ट्यांसाठीं ही चढाओढ, ते एका विषाणुजन्य रोगाचे होते व मावा तो रोग पसरवी, हें विसाव्या शतकांत सिद्ध झालें.

वलंदेजी स्थिरचित्रांत हें फूल वारंवार येतें. बॉसखार्ट (मृत्यु १६२१) एकाच पात्रांत भिन्न ऋतूंचीं फुलें मांडी. तसा गुच्छ प्रत्यक्षांत जमणें अशक्य; निरनिराळ्या वेळीं केलेल्या अभ्यासचित्रांवरून तो जुळविलेला असे. गळालेली पाकळी, माशी, कवटी किंवा वाळूचें घड्याळ शेजारीं असलें म्हणजे वैभवाची क्षणभंगुरता सुचविली जाते. परंतु प्रत्येक ट्यूलिप वैराग्यच शिकवितें असें नाहीं. कोठें धनिकाचा अभिमान असतो, तर कोठें चित्रकाराचें केवळ हस्तकौशल्य.

पूर्वेकडे याच फुलाचा अर्थ निराळा. फारशींत तें लाला. त्याच्या तळचा काळा डाग म्हणजे विरहानें पोळलेलें हृदय, हा फारशी कवींचा रूढ संकेत. शिवाय अबजद गणनेनें लाला (३० + १ + ३० + ५), अल्ला आणि हिलाल या तिन्ही शब्दांची बेरीज ६६ च येते. जहांगीर १६२० त काश्मीरास गेला, तेव्हां उस्ताद मनसूर यानें तेथील शंभरांहून अधिक फुलें रंगविल्याचें बादशहाच्या आत्मवृत्तांत नमूद आहे. मनसूरचें लाला-चित्र अलीगढच्या मौलाना आझाद ग्रंथालयांत आहे. मोंगल पुष्पचित्रांवर यूरोपीय छापील वनस्पतिचित्रांची छाया अभ्यासकांस दिसते, हें खरें; पण तीही वेंगुर्ल्याच्या वखारीपूर्वींची. तेव्हां समासांतील लाला वलंदेजांच्याच गलबतांतून उतरला असला पाहिजे, हें म्हणणें टिकत नाहीं.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. तें फूल लालाही नव्हे. पान पुन्हां उजेडांत धरिलें, तेव्हां पाकळ्या पेल्यासारख्या मिटलेल्या नसून मागें उलटलेल्या, नागमोडी कांठांच्या व बुडाशीं पिंवळ्या दिसल्या. आणि पर्णाग्र लांबून वेलीच्या तणाव्यासारखें वळलेलें होतें. ही तर आमच्या कुंपणावर पावसाळ्यांत फुलणारी कळलावी. संस्कृतांतील लांगली किंवा अग्निशिखा! जें प्रतिवर्षीं दारांत पाहिलें, त्याचें मूळ आम्हीं लायडनास शोधलें.

संग्राहकांस विनंति इतकीच, कीं समासांतील फूल ओळखतांना पाकळीच्या रंगावर न भुलतां पर्ण व देंठ आधीं पाहावे. आणि फूल निश्चित झालें तरी केवळ त्यावरून काल ठरवूं नये. तो अक्षरवळण, कागद व शाई यांवरून ठरवावा. वेष्टनावरील ती ओळ स्नेह्यांनीं आतां खोडिली आहे. ज्यांच्या यादींत ती उतरली, त्यांनींही खोडावी.