घर आणि राज्य
इ. स. १०८१ मध्ये आलेक्सिओस कोम्नेनोस कॉन्स्टँटिनोपलच्या सिंहासनावर आला आणि बायझंटाइन साम्राज्याचा कारभार जणू एका कुटुंबाचा झाला. थोरले बंधू इसाक यांच्यासाठी त्याने ‘सेबास्टोक्रातोर’ हे नवे पद निर्माण केले. नॉर्मनांविरुद्धच्या मोहिमेसाठी आज्ञापत्र काढून राज्यकारभार मातोश्री आना दालासेनी यांच्या हाती सोपविला. या मातोश्री आपल्या आईच्या कुळाचे नाव लावीत. मातृकुळालाही तेथे प्रतिष्ठा होती.

परंतु नात्यांवर उभ्या राहिलेल्या राज्यात घरातील कलह हा राज्याचाच कलह ठरतो. १११८ मध्ये आलेक्सिओस निवर्तला आणि पुत्र योआनेस सम्राट झाला. थोरली बहीण आना हिने त्याच्याविरुद्ध कट केला, असे इतिहासकार निकेतास खोनियातेस सांगतो. तिची जप्त झालेली मालमत्ता सम्राटाने आपला स्नेही आक्सूख यास देऊ केली. १०९७ मध्ये निकाया येथे बंदी झालेला हा तुर्क मुलगा योआनेसच्या सहवासात वाढला होता. त्याने ते दान नाकारले व बहिणीचे बहिणीला परत करावे, अशी विनवणी केली. सम्राटाने ती मान्य केली.

याच आनाने पुढे पित्याचा इतिहास ‘आलेक्सियाड’ लिहिला. हा प्रसंग वर्गात सांगताना मला नेहमी वाटते की, रक्ताची नाती तुटू लागली तेव्हा ती सांधली बालपणीच्या सोबत्याने. असे सोबती देणे हेच शाळेचेही काम नव्हे काय?